हैदराबादहून फोन घेताय आणि ब्रँडही बदलताय? मग जुना फोन काउंटरवर सोडून येऊ नका

दसरा-दिवाळी जवळ आली की देगलूर, धर्माबाद, बिलोली, उदगीर, बीदर, भालकी, आदिलाबाद या सगळ्या पट्ट्यातली माणसं फोन घ्यायला हैदराबाद गाठतात. कुणी दवाखान्याच्या कामाने गेलेलं असतं, कुणी हायटेक सिटीत नोकरीला असलेल्या पोराला भेटायला. जाता जाता अबिड्सला जगदीश मार्केटमध्ये चक्कर होते, नाहीतर कोठी, अमीरपेटच्या मोठ्या शोरूममध्ये. आपल्या गावात चार मॉडेल दिसतात, तिथे चाळीस दिसतात. त्यात एक्सचेंजचा भाव बरा मिळतो, असंही म्हणतात.

आणि बहुतेक वेळा ब्रँड इथेच बदलतो. सात-आठ वर्षं रेडमी वापरलेला माणूस सॅमसंग घेऊन येतो, सॅमसंगवाला आयफोन घेऊन येतो, आणि पोरांच्या आग्रहाने आयफोन घेतलेला एखादा काका दोन वर्षांनी कंटाळून परत ॲण्ड्रॉइडवर येतो.

अडचण फोनच्या खरेदीत नाही, परतीच्या गाडीत आहे. दुकानातला पोरगा म्हणतो, "सब आ जाता साब, मैं सेट करके देतूं." वीस मिनिटांत नवा फोन हातात, जुना फोन एक्सचेंजच्या पेटीत. कामारेड्डी ओलांडेपर्यंत लक्षात येतं की व्हॉट्सॲप कोरं आहे, फोनपे चालत नाही आणि बँकेचा ओटीपी येत नाही. दुकान शंभराहून जास्त किलोमीटर मागे राहिलेलं असतं आणि जुना फोन तोवर पुसूनही झालेला असतो. म्हणून या लेखात कुठला ब्रँड चांगला हे सांगितलेलं नाही. एका फोनमधून दुसऱ्यात काय जातं, काय जात नाही, आणि जुना फोन हातातून कधी सोडायचा, एवढंच सांगितलं आहे.

आधी किमतीचा गैरसमज

"हैदराबादला टॅक्स कमी पडतो" हे वाक्य आजही ऐकू येतं. जुलै २०१७ पूर्वी, व्हॅटच्या काळात, राज्याराज्यात दर वेगळे होते, तेव्हा त्यात काही अर्थ होता. आता मोबाइलवर देशभर १८ टक्के जीएसटी आहे. १ एप्रिल २०२० पासून तो १२ चा १८ झाला. नांदेड असो, बीदर असो की हैदराबाद, कर तोच. फरक पडतो तो दुकानदाराच्या सवलतीत, बँकेच्या कार्डावरच्या ऑफरमध्ये आणि एक्सचेंजच्या भावात. जाण्या-येण्याचं भाडं त्यातून वजा करा आणि मग ठरवा.

व्यापारी मंडळींसाठी एक टीप. दुकानाच्या नावाने फोन घेणार असाल आणि जीएसटी नंबर महाराष्ट्राचा किंवा कर्नाटकाचा असेल, तर बिल करण्याआधीच कर कुठला लावणार ते विचारा. बिलावर तेलंगणाचा एसजीएसटी लागला तर तो आपल्या राज्यात वळता होत नाही. बिल हातात पडल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ब्रँड बदलणं दोन तऱ्हेचं

ॲण्ड्रॉइडमधून ॲण्ड्रॉइडमध्ये जाणं, मग ब्रँड कुठलाही असो, म्हणजे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत घर बदलणं. सामान उचलावं लागतं, पण भाषा तीच. ॲण्ड्रॉइडमधून आयफोनमध्ये, किंवा उलट, हे मात्र राज्य बदलण्यासारखं आहे. कागदपत्रं नव्याने करावी लागतात. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

पहिल्या प्रकारात काम सोपं आहे. नवा फोन चालू करताना तो जुन्या फोनमधून डेटा घ्यायचा का असं विचारतो. हो म्हणा, केबल लावा किंवा वायफायवर जोडा. सॅमसंग घेतलात तर स्मार्ट स्विच नावाचं त्यांचं ॲप आहे, ते दुसऱ्या कुठल्याही ॲण्ड्रॉइडमधून आणि आयफोनमधूनही माल ओढतं. पण ते सॅमसंगमध्ये येण्यासाठी आहे, सॅमसंगमधून बाहेर पडताना त्याचा उपयोग नाही. विवोचं ईझीशेअर आहे. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांच्याकडे क्लोन फोन आहे. हे तिन्ही ब्रँड मुळात एकाच घरातले, त्यामुळे यांच्यातल्या यांच्यात बदल केला तर सेटिंगची ठेवणसुद्धा ओळखीची वाटते.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आयफोनकडे जाताना, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप जुन्या ॲण्ड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअरवरून घ्यायचं असतं, आणि त्याचं काम नवा आयफोन पहिल्यांदा चालू करताना, सेटअपच्या मधल्या एका पडद्यावर होतं. तिथे ॲण्ड्रॉइडमधून डेटा आणायचा पर्याय येतो. तो निवडला की आयफोनवर एक कोड दिसतो, तो जुन्या फोनमध्ये टाकायचा. दुकानातला पोरगा घाईत हाच पडदा पुढे ढकलतो, कारण डेटा यायला तास-दीड तास लागू शकतो आणि मागे पाच गिऱ्हाईकं उभी असतात. पुढे ढकलला की नंतर तेच काम करायला आयफोन पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरू करावा लागतो. म्हणून दुकानात फोन चालू होतो का, पडद्यावर चरा नाही ना, बिलावरचा आयएमईआय आणि पेटीवरचा आयएमईआय जुळतो का, एवढं बघा. सेटअप घरी करा.

व्हॉट्सॲप: सगळ्यात जास्त नुकसान इथे

फोटो गेले तर निदान दुसऱ्या कुणाकडे सापडतात. व्हॉट्सॲपमधलं गेलं की गेलं. गेलेल्या वडिलांचा पाठवलेला आवाज, जमिनीच्या सौद्यात समोरच्याने लिहून दिलेला आकडा, उधारीचा हिशोब, सोयाबीनच्या पट्टीचे फोटो, हे सगळं आपल्याकडे वहीत नाही, व्हॉट्सॲपमध्ये असतं. गरज पडते तेव्हा ती वकिलाला दाखवायची असते.

लोकांचा समज असा की "बॅकअप आहे ना, मग येणारच." इथेच फसगत होते. ॲण्ड्रॉइडमधला व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल ड्राइव्हमध्ये जातो, आयफोनमधला आयक्लाउडमध्ये. आयफोन गुगल ड्राइव्हमधला बॅकअप उघडत नाही, ॲण्ड्रॉइड आयक्लाउडमधला उघडत नाही. बॅकअप असूनही कोरं व्हॉट्सॲप दिसतं ते यामुळे.

ॲण्ड्रॉइडमधून आयफोनमध्ये नेताना वर सांगितलेल्या मूव्ह टू आयओएसमध्येच व्हॉट्सॲपवर खूण करायची. दोन्ही फोन चार्जिंगला लावा, एकाच वायफायवर ठेवा. माल गेला की आयफोनवर ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप घ्या, तोच नंबर टाका, आणि चॅट आणायचं का विचारलं की हो म्हणा. ही सोय २०२२ सालापासून आहे. कॉलची यादी त्यात येत नाही, संदेश आणि फोटो येतात. जुन्या फोनमधले चॅट आपोआप पुसले जात नाहीत, तुम्ही पुसेपर्यंत तिथेच राहतात. म्हणूनच जुना फोन जवळ असेपर्यंत चूक दुरुस्त करता येते.

आयफोनमधून ॲण्ड्रॉइडमध्ये येताना केबल लागते. आयफोन १५ पासून पुढे दोन्हीकडे टाइप-सी चालते. त्याआधीच्या आयफोनला एका टोकाला लायटनिंग, दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल हवी. हेही काम नव्या फोनच्या सुरुवातीच्या सेटअपमध्येच करायचं असतं. मध्येच क्यूआर कोड येतो, तो आयफोनने स्कॅन करायचा.

ॲण्ड्रॉइडमधून ॲण्ड्रॉइडमध्ये दोन वाटा आहेत. एक गुगल ड्राइव्हची. दुसरी थेट फोनमधून फोनमध्ये: सेटिंग, चॅट, ट्रान्सफर चॅट्स, आणि क्यूआर. ही दुसरी २०२३ पासून आहे आणि मला तीच बरी वाटते, कारण ड्राइव्हमधली फुकटची जागा १५ जीबी, आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच १५ जीबीत मोजला जातो. गावाकडच्या ग्रुपचे 'शुभ सकाळ' आणि व्हिडिओ धरले तर ती कधीच भरलेली असते, आणि भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. जायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपमध्ये शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख बघून घ्या. आठ महिन्यांपूर्वीची दिसली तर नवल नाही.

आणखी दोन गोष्टी. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल आणि तो विसरला असाल तर तो बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही. आणि सहा आकडी पिन, म्हणजे टू-स्टेप, लावली असेल तर ती आठवते का बघा. विसरलात आणि ई-मेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

"सॉफ्टवेअरने सगळं काढून देतो" म्हणणारे भेटतात. त्यासाठी तुमचा फोन उघडून, पासवर्डसकट, दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. त्यात तुमची बँकही असते हे विसरू नका.

यूपीआय, ओटीपी आणि दोन सिम

फोनपे, गुगल पे, भीम ही ॲप नव्या फोनमध्ये टाकली की ती तुमच्या सिममधून एक एसएमएस पाठवतात आणि सिम याच फोनमध्ये आहे याची खात्री करतात. म्हणजे सिम नव्या फोनमध्ये हवं, त्यात एसएमएस जाईल असं रिचार्ज हवं, आणि दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलं कोणतं ते बरोबर निवडायला हवं. यूपीआय पिन बदलत नाही, जुनीच चालते. ती विसरला असाल तर डेबिट कार्ड लागेल, आणि कार्ड बहुधा घरी कपाटात असतं.

फोन बदलल्यावर बऱ्याच बँका पहिले २४ तास यूपीआयने ५,००० रुपयांवर पैसे जाऊ देत नाहीत. आयफोनवर काही बँकांत ही मुदत ७२ तासांची आहे. हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे, पण दवाखान्याचं बिल भरायच्या दिवशी सकाळी फोन बदललात तर पंचाईत होते. काम आधी उरका, फोन नंतर घ्या. खिशात थोडी रोकड असू द्या.

सीमाभागातल्या निम्म्या लोकांकडे दोन सिम असतात: एक तेलंगणातलं, एक महाराष्ट्रातलं किंवा कर्नाटकातलं. भारतात मिळणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एकच सिम घालायची जागा असते, दुसरा नंबर ई-सिम करून घ्यावा लागतो. इथे खरी मेख आहे. सिम बदललं किंवा ई-सिम करून घेतलं की दूरसंचार विभागाच्या २०२२ सालच्या आदेशाने पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत नाही आणि जात नाही. सिमची फसवणूक थांबावी म्हणून हा नियम आहे. पण याचा अर्थ त्या दिवसात बँकेचा ओटीपी नाही, यूपीआयची नोंदणी नाही, आधारचा ओटीपीही नाही. फोन बिघडला म्हणून लोक दुकानात भांडायला जातात. फोन बिघडलेला नसतो, उद्यापर्यंत थांबायचं असतं.

म्हणून असं करा. बँक आणि आधारला जोडलेलं सिम काढून तसंच नव्या फोनमध्ये घाला, त्याला हात लावू नका. कमी कामाचा दुसरा नंबर ई-सिम करा. आणि त्याच आठवड्यात कंपनी बदलायचा, म्हणजे पोर्ट करायचा, विचार असेल तर तोही बाजूला ठेवा. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्ट करता येत नाही.

नंबर, रेकॉर्डिंग आणि बाकीचं

नंबर कुठे साठवलेत ते आधी बघा. सिममध्ये असतील तर जागा थोडी, आणि देवनागरीत लिहिलेली लांब नावं अर्धवट होतात. 'संभाजीराव ट्रॅक्टरवाले' आणि 'संभाजीराव पतसंस्था' दोघेही नुसते 'संभाजीराव' होऊन बसतात. फोनमध्ये साठवले असतील तर फोनबरोबर जातात. सगळे नंबर गुगल खात्यात घ्या. मग ॲण्ड्रॉइड असो की आयफोन, खातं टाकलं की नंबर येतात.

कॉल रेकॉर्डिंगची सवय असलेल्यांनी विशेष जपावं. व्यवहाराच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आपल्याकडे फार जण ठेवतात. ती फाईल फोटोंमध्ये नसते, वेगळ्या फोल्डरमध्ये असते, म्हणून 'फोटो आले म्हणजे सगळं आलं' समजू नका. ती फाईल पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून ठेवा. नव्या फोनमध्ये रेकॉर्डिंग कसं चालतं हेही विकत घेण्याआधी विचारा. अनेक ॲण्ड्रॉइड फोनमध्ये गुगलचं डायलर असतं, ते समोरच्याला रेकॉर्डिंग होत असल्याचं ऐकवतं. आयफोनमध्ये ही सोय आयओएस १८.१ पासून आली, तीही समोरच्याला सांगूनच. प्ले स्टोअरवरच्या दुसऱ्या ॲपना गुगलने मे २०२२ पासून मनाई केली आहे.

मेमरी कार्डवर फोटो असतील तर नव्या फोनला कार्डाची जागा आहे का ते बघा. आयफोनला ती नसतेच, आणि आता बऱ्याच ॲण्ड्रॉइडलाही नसते. चार्जरचंही तसंच, आयफोनच्या पेटीत २०२० पासून चार्जर येत नाही.

आयफोन सोडून जाणाऱ्यांनी सिम काढण्याआधी आयमेसेज आणि फेसटाइम बंद करावं. नाहीतर अमेरिकेतल्या भाच्याने आयफोनवरून पाठवलेला संदेश तुमच्या जुन्या खात्याकडेच जात राहतो आणि तुम्ही उत्तर देत नाही म्हणून तो रुसतो. डिजिलॉकरची चिंता नको, कागदपत्रं खात्यात असतात. टेलिग्रामचंही तसंच. सरकारी कामाची जी ॲप तुम्ही रोज वापरता, शेतीची असोत की शाळेची, ती ॲप स्टोअरवर आहेत का हे आयफोन घेण्याआधी कुणाच्या तरी आयफोनवर शोधून बघा. सगळी असतातच असं नाही.

मराठी लिहिणं

नवा फोन घेतल्यावर "यात मराठी येत नाही" ही तक्रार हमखास येते. मराठी येते, फक्त कीबोर्ड लावावा लागतो. ॲण्ड्रॉइडवर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा वाढवा. त्यात इंग्रजी अक्षरांत 'kasa ahes' ऐवजी थेट 'कसा आहेस' उमटवणारी पद्धतही आहे. आयफोनमध्ये मराठीचा कीबोर्ड आतच असतो, आणि जीबोर्डही घेता येतो. मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड लावलं तरी एकमेकांना अडत नाही. कीबोर्ड बदलला तर जुन्याने शिकून ठेवलेले तुमच्या गावाचे, आडनावांचे शब्द मात्र नव्याला पुन्हा शिकवावे लागतात. पंधरा दिवस चिडचिड होते, मग बसतं.

जुना फोन द्यायचा कधी आणि कसा

निदान आठ दिवस द्यायचा नाही. एक्सचेंजवाला थांबत नाही हे खरं. ऑनलाइन घेतलं तरी डिलिव्हरीवाला दारातच जुना फोन मागतो. तेव्हा हिशोब असा करा: एक्सचेंजमध्ये मिळणारा भाव आणि आठ दिवसांनी नांदेडला, उदगीरला किंवा बीदरला तोच फोन विकून मिळणारा भाव यात फरक किती? हजार-पाचशेचा असेल तर सरळ सोडून द्या. फरक मोठा असेल तर एक मुक्काम करा. काचिगुडा, सुलतान बाजार भागात आपल्या लोकांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कुणी ना कुणी पाहुणा निघतोच. त्याच्या वायफायवर रात्रभरात सगळा माल हलतो. दुकानदार ओळखीचा असेल तर आदल्या दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी एक्सचेंज, असं आधी बोलून घेता येतं.

द्यायच्या वेळी क्रम चुकवू नका. व्हॉट्सॲप नव्या फोनवर उघडून एखाद्या जुन्या चॅटमध्ये वर वर जाऊन बघा, जुना फोटो उघडतो का बघा. यूपीआयने दहा रुपये कुणाला तरी पाठवून बघा. मग जुन्या फोनमधून गुगल खातं काढा. शाओमीत मी खातं, सॅमसंगमध्ये सॅमसंग खातं असेल तर तेही. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून खात्यातून बाहेर पडा. सिम आणि मेमरी कार्ड काढा. आणि सगळ्यात शेवटी सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केला तर फोन पुन्हा तुमचंच खातं मागत बसतो, घेणाऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही, आणि तो फोन करून तुमचा पासवर्ड विचारतो. तो पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही.

जगदीश मार्केटमधून किंवा कुठूनही वापरलेला फोन घेत असाल तर उलट बाजूने हेच तपासा: समोर रीसेट करायला लावा आणि आधीच्या मालकाचं खातं मागत नाही ना ते पाहा. मग डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, आयएमईआय नंबर दिसेल. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा, किंवा केंद्राच्या संचार साथी ॲपवर टाका. उत्तरात फोन ब्लॉक केलेला आहे किंवा तोच नंबर आधीच दुसरीकडे वापरात आहे असं आलं, तर भाव कितीही कमी असो, तो फोन तिथेच ठेवून निघा. चोरीचा फोन नेटवर्कवर बंद होतोच, आणि पोलिस त्याच्या मागावर येतात तेव्हा तुमच्या दारात येतात. बिल न देणाऱ्याकडून घ्यायचंच असेल तर निदान त्याचं ओळखपत्र, तारीख आणि आयएमईआय लिहिलेली सही केलेली पावती घ्या, आणि ती पावती नव्या फोनमध्ये फोटो काढून न ठेवता कागदावरच जपून ठेवा.